१४ महिने, ९४ हजार किलोमीटर: टर्बोवाली गाडी वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी घेऊन १४ महिने झाले, मीटर ९४ हजारांवर आहे. सहा चाकी, बीएस ६ डिझेल, टर्बो-इंटरकूलरवाली. काम ठरलेलं: पिंपळगाव बसवंतहून कांदा नाहीतर टोमॅटो भरून वाशी मार्केट, येताना भिवंडीच्या गोदामातून मिळेल तो माल. भरल्या गाडीला साडेसहाचं ॲव्हरेज, रिकामीला आठ. पिकअप चांगला आहे, ब्रेक चांगले आहेत, सीट पाठीला लागते. बाकी लिहायचंय ते टर्बोबद्दल, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याबद्दल, कारण आधीच्या गाडीचा टर्बो मी शेजारी बसलेला असताना गेला.

तेव्हा गाडीवर ड्रायव्हर होता, हात साफ असलेला माणूस. भिवंडीहून भरून निघायचं, कसारा घाट खालच्या गिअरमध्ये दम काढत चढायचा, वर आलं की घाटनदेवीला गाडी लावायची, चावी बंद करायची आणि दर्शनाला जायचं. दोन वर्षं प्रत्येक फेरीला असंच चाललं. मीही त्याला कधी टोकलं नाही.

घाट चढताना टर्बोत शिरणारा इंजिनाचा धूर पाच-सहाशे अंशांच्या पुढे तापलेला असतो. आतली शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे मारते, तीही इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत. चावी बंद केली की ऑईलचा पंप जागच्या जागी थांबतो. शाफ्ट मात्र आणखी थोडा वेळ फिरत राहते, आणि तिथं अडकलेलं ऑईल त्या धगीत करपून कोळसा होतं. रोज थोडा थोडा थर चढत गेला की ऑईलची वाट अरुंद होते.

शेवटी वाडीवऱ्हेच्या अलीकडे रात्री शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, गाडी ओढेना, आरशात निळा धूर दिसला. ड्रायव्हरने ताबडतोब बाजूला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. टर्बोचं सील फुटलं की इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून पळायला लागू शकतं, मग चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून ठेवायचा, गाडी वरच्या गिअरला टाकायची आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडायचं. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असायलाच हवं.

मिस्त्रींनी टर्बो खोलला. ऑईलच्या पाईपात काळी खपली इतकी, की तार घालावी लागली. मग हवेकडचा पंखा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "भाऊ, हे बघा, ही धूळ." पात्यांच्या कडा जुन्या विळ्यासारख्या झिजल्या होत्या. आम्ही एअर फिल्टर काढून टायरवर आपटायचो, कंप्रेसरची हवा जोरात मारायचो. त्यानं कागदाला बारीक चिरा पडतात, आणि शेतातली, कांदाचाळीतली माती सरळ पंख्यावर जाते. म्हणजे एका बाजूनं ऑईलनं मारलं, दुसऱ्या बाजूनं धुळीनं.

या गाडीवर पहिल्या दिवसापासून सवयी बदलल्या. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर रेसला हात नाही आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. घाट चढून आलं की दोन-तीन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची, मग चावी. दर्शनाला आता मी आधी जातो, ड्रायव्हर मागून येतो. ज्यांना वाटतं की अर्धा-अर्धा तास चालू ठेवली तर आणखी चांगलं, त्यांनी बीएस ६ गाडीला ते करू नये. थंड इंजिनाची काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते आणि डिझेल फुकट जातं. चढाला वरच्या गिअरमध्ये रेटत नेणं हेही तितकंच वाईट: गाडी थरथरते, काळा धूर होतो, टर्बोकडून इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही.

डीपीएफनं मला एकदा चांगलंच शिकवलं. तो साफ होतानाचा दिवा लागला की आम्ही मार्केटात घाईनं गाडी बंद करायचो. एके दिवशी सकाळी ऑईल मोजायची काडी काढली तर ऑईल खुणेच्या वर, बोटावर पातळ, वासाला डिझेल. ऑईल वाढलं म्हणून आनंद मानायचा नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल, साफसफाई अर्धवट राहिल्यानं, ऑईलमध्ये उतरलेलं असतं, आणि असं पातळ ऑईल टर्बोच्या शाफ्टला धरून ठेवत नाही. त्याच दिवशी ऑईल बदललं. आता दिवा लागला तर हायवेवर वीस मिनिटं एका गतीनं चालवून काम पूर्ण होऊ देतो.

ऑईल पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं, सुटं कधीच नाही. पुस्तकात जितके किलोमीटर दिलेत त्याच्या पाऊण भागावर मी बदलतो, कारण आमचं रनिंग घाटाचं आणि धुळीचं. ऑईल फिल्टर दर वेळी नवा. एअर फिल्टर झटकणं बंद, चोक झाला की सरळ नवा. धूर साफ करायला लागणारा युरियाही सीलबंद डब्यातलाच.

मागच्या आठवड्यात मिस्त्रींनी हवेचा पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवून पाहिली. पुढे-मागे खेळ नाही, पात्यांच्या कडा धारदार, पाईपात ऑईलचा हलका ओलावा, तेवढा चालतो. तक्रार एकच: इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा होज. ९४ हजारांत दोनदा क्लिप ढिली झाली, हवा गळून पिकअप पडला आणि ॲव्हरेज सहाच्या खाली गेलं. आता होज दाबला की वाकणावर बारीक भेगा दिसतात. पुढच्या ऑईल बदलीला तो नवा टाकणार आहे.