घरातला धंदा बाहेर काढायचाय? संभाजीनगर परिसरातल्या परवडणाऱ्या जागा, एकेक करून तपासलेल्या

निकाल आधीच सांगून टाकतो. मसाला, पापड, लाकडी घाण्याचं तेल, पिशव्या, कपडे, छपाई असा घरातून वाढलेला धंदा छत्रपती संभाजीनगरात हलवायचा असेल, तर वाळूजच्या आसपासच्या गावांत गावठाणालगत, चालू थ्री-फेज औद्योगिक मीटर असलेलं जुनं शेड सगळ्यांत कमी डोकेदुखीचं. दुसरा नंबर एमआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतल्या, पोटभाड्याच्या गाळ्याचा. बघायला सगळ्यांत स्वस्त असतं ते शेतातलं नवंकोरं शेड, आणि आमच्या यादीत ते तळाशी आहे. भाडं आकड्यात दिसतं म्हणून सगळे भाड्यावरच घासाघीस करतात. पण धंदा अडतो तो मीटर, पाणी आणि कागद या तिन्हींवर, आणि त्यातही आधी मीटरवर.

मुळात हलायची गरज आहे का, तेही मीटरच सांगतं. राहत्या घराच्या एका भागात धंदा चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आणि मागच्या वर्षभरात ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावतं. बऱ्याच बायका ‘घरात मशीन लावलं की व्यापारी बिल येतं’ या भीतीनं घाईघाईत गाळा घेतात. तसं नाही. मर्यादा ओलांडली आणि घरगुती मीटरवर धंदा तसाच चालू ठेवला, तर मात्र वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. आकारणी धंद्याला लागू असलेल्या वर्गवारीच्या दुप्पट दरानं होते, आणि गैरवापर कधीपासून चालू होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. शिवणयंत्रं आणि पापडाचं छोटं मशीन या मर्यादेत बसून जातं. पाच हॉर्सपॉवरचं मिरची कांडप रोज चार-पाच तास चाललं, की बसत नाही. शिवाय तिखटाच्या ठसक्यानं शेजारी आधी तक्रार करतात, महावितरण नंतर येतं.

आता जागांकडे वळू.

रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव, कमळापूर हा पट्टा बजाज आणि तिच्या पुरवठादारांच्या जिवावर वाढला. कुणी जॉबवर्क बंद केलं की त्याचं शेड रिकामं पडतं, तेच आपल्या कामाचं. अशा जागेला बहुधा थ्री-फेज असते, टेम्पो आत येतो, वेल्डर, मोटर-रिवाइंडिंगवाला, सुटे भाग सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. कामाला येणाऱ्या बायकाही त्याच वस्त्यांत राहतात, आणि हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. बचत गटाच्या बायका शहरातल्या आणि गाळा वाळूजला, असं झालं तर शेअर रिक्षाचं दोन्ही वेळचं भाडं कोण देणार, हा प्रश्न पहिल्या पगाराला उभा राहतो. या पट्ट्याचा दोष म्हणजे धूळ. उन्हात वाळवायचा पापड, कुरडई, शेवया इथे उघड्यावर वाळवूच नका. ड्रायरचा खर्च धरूनच हिशोब करा.

शेडची पाहणी दुपारी दोन वाजता करायची, सकाळी नको. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दहा फुटांवर पत्रा असलेल्या शेडमध्ये माणूस उभा राहू शकत नाही. गुळाची चिक्की पाघळते, तेलाला लवकर वास लागतो. कडेला निदान चौदा फूट उंची, समोरासमोर खिडक्या आणि छतावर फिरते व्हेंटिलेटर असतील तर चालवता येतं. पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग लावणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय, पण तो खर्च मालकाचा की आपला, हे आधी ठरवून करारात लिहून घ्या. शटरची रुंदी टेपनं मोजा. मशीन ठेवलेली जागा नव्हे, मशीन आत नेण्याची वाट अडते. घाणा किंवा पल्व्हरायझर (दळणयंत्र) असेल तर पहिला मजला कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. कंपनानं स्लॅबला तडे जातात आणि डिपॉझिट परत मिळत नाही.

एमआयडीसीत चिकलठाणा, रेल्वे स्टेशन, वाळूज आणि शेंद्रा हे चार पर्याय. रस्ते, वीज आणि मुख्य म्हणजे पाणी इथे बाहेरच्यापेक्षा भरवशाचं. स्वतःच्या नावावर भूखंड घेणं घरगुती धंद्याच्या आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून प्रश्न राहतो पोटभाड्याचा. भूखंड महामंडळाचा असतो आणि वापरणाऱ्याकडे तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असतो. त्यामुळे भूखंडधारकानं आपल्याला गाळा द्यायचा तर त्याला महामंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. ‘सगळे असेच देतात’ हे उत्तर मिळालं तर निघायचं. त्या परवानगीच्या पत्राशिवाय परवाने आणि बँकेचं कर्ज, दोन्ही अडकतात. सोबत इमारत पूर्णत्वाचा दाखलाही मागा. हे दोन कागद हातात आले तर भाडं थोडं जास्त देऊनही हा सौदा चांगलाच.

शहरातल्या शहरात राहायचं म्हणून पुंडलिकनगर, जयभवानीनगर, सातारा-देवळाई या बाजूंना घराच्या तळमजल्यावरचे गाळे पाहिले जातात. इथली बरीच बांधकामं गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून उभी राहिलेली. ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ खुला झाला. म्हणून मालकाला एकच विचारायचं: नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का, आणि त्यावर वापर निवासी लिहिलाय की व्यापारी? शिवणकाम, पॅकिंग, केक, घरपोच डबे यांना या जागा बऱ्या. मोटर चालणाऱ्या धंद्याला नाही. मालमत्ता करही बिगरनिवासी वापराला जास्त लागतो. तो फरक सहा महिन्यांनी आपल्या गळ्यात पडू नये, तर तेही करारात हवं.

शेतातलं शेड. जाहिरातीत हेच सगळ्यांत छान दिसतं: पाच हजार चौरस फूट, झाडं, मोकळी हवा, शहरापासून ‘फक्त वीस मिनिटं’. अडचण अशी की शेताची लाइन कृषी फीडरवर (शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) असते आणि त्यावर थ्री-फेज वीज दिवसा साधारण आठ तास किंवा रात्री, आलटून पालटून मिळते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात कारखाना घुबडांचा. गावठाणाच्या फीडरवरून लाइन ओढायची तर खांब आणि तारांचा खर्च आपल्यावर येऊ शकतो. पाहणीच्या वेळी मालकाला न विचारता जवळच्या डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) जा आणि ती कोणत्या फीडरवर आहे हे शेजारच्या गिरणीवाल्याला किंवा लाइनमनला विचारा.

कागदांची बाजू त्याहून कच्ची असते. जमीन अकृषक नसेल तर धंद्याचा वापर बेकायदा ठरतो. गावठाणालगतच्या जमिनीला अकृषक होण्याची वाट तुलनेनं सोपी असते, म्हणून ‘गावालगत’ या शब्दाला किंमत आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यावर आधी ‘भोगवटादार वर्ग’ (मालकाला जमिनीवर किती मोकळा हक्क आहे ते) आणि मग ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. मराठवाड्यात निजामी इनामांचा वारसा असल्यामुळे तिथे मदतमाश, खिदमतमाश (हे इनामाचे प्रकार) किंवा वक्फ असे उल्लेख निघतात. असा उल्लेख असलेल्या जमिनीवर भाडेकरू म्हणूनही मोठी गुंतवणूक करू नये आणि विकत तर वकिलाशिवाय मुळीच घेऊ नये. विकत घेताना फक्त आजचा सातबारा पाहून थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी मूळ नोंद) आणि तिथपासूनचे फेरफार काढून घ्या. गावातल्या शेडसाठी मालक ‘आठ-अ दाखवतो’ म्हणाला तर सावध व्हा. आठ-अ हा तलाठ्याकडचा शेतजमिनीचा खातेउतारा. बांधकामासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, आणि कोणता कागद कशाला लागतो यात मालकांचाही गोंधळ असतो.

जाधववाडीच्या बाजार समितीतले गाळे डाळ, तेल, मसाला घाऊक विकणाऱ्यांनाच पहा. बाकीच्यांना तिथली वर्दळ कामाची नाही. जालना, लातूर, नांदेडच्या मोंढ्यांनाही हेच लागू. तालुक्याच्या ठिकाणच्या सहकारी औद्योगिक वसाहती मात्र आवर्जून फिरून पहा. तिथे बंद पडलेली युनिटं असतात आणि सोसायटीचा ठराव मिळाला की भाडं खरंच हलकं पडतं.

पाणी सगळीकडे एप्रिल-मे मधलं विचारायचं. ऑगस्टमध्ये प्रत्येक बोअर भरलेलाच असतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा ‘आमच्याकडे पाण्याची अडचण नाही’ हे वाक्य कुणाचंच जमेस धरू नका. शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारा, उन्हाळ्यात टँकर कधी सुरू होतो. अन्नप्रक्रियेच्या परवान्याला पाण्याच्या चाचणीचा अहवाल जोडावा लागतो, म्हणून बोअरचं पाणी इसार देण्याआधी तपासून घ्या. क्षार जास्त निघाले तर शुद्धीकरण यंत्राचा खर्चही भाड्यातच धरायचा.

जागा शोधून देणाऱ्या सेवांबद्दल थोडक्यात. मालमत्तेच्या ॲपवर ऑफिस आणि शोरूम भरपूर, छोटी शेड कमी, आणि असलेल्यांपैकी बऱ्याच जाहिराती जागा गेल्यावरही तशाच लटकलेल्या. एखाद्या भागात भाडं साधारण काय चाललंय हे कळायला ठीक. स्थानिक एजंट महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो. जागा दाखवण्यात तो पटाईत, कागद दाखवण्यात नाही. सगळ्यांत कामाचे लोक वेगळेच: महावितरणचे वायरिंग ठेकेदार, भंगारवाले आणि मशीन हलवणारे क्रेनवाले. कुणाचं युनिट बंद होतंय हे त्यांना महिनाभर आधी कळतं.

जागा पसंत पडली की मालकाकडून बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या संकेतस्थळावर बिल काढा. मंजूर भार, वर्गवारी आणि थकबाकी तीन ओळींत कळते. जोडणी कायमची बंद झालेली असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी मागायला गेलं की वाद होतो. भार आधी जुळवा: दहा हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅट, वर दिवे-पंखे. वर्गवारीही महत्त्वाची. पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला यांना औद्योगिक दर लागतो, तो व्यापारीपेक्षा कमी. शिंपीकामाचं दुकान मात्र व्यापारीत धरतात. मालकाच्या मीटरवर सब-मीटर लावून युनिटमागे पैसे द्यायची सोय कितीही गोड वाटली तरी नको, कारण तपासणी झाली की मशीन आपलं सापडतं.

करार नोटरीच्या बाँडवर करायचा नाही. लिव्ह अँड लायसन्सची (भाडेकराराची) नोंदणी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. खर्च ऐकून मालक कुरकुरतात, म्हणून आकडा तयार ठेवा. समजा भाडं ८,०००, मुदत ३६ महिने, डिपॉझिट ४०,०००. एकूण भाडं २,८८,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी तीन वर्षांचे १२,०००, बेरीज ३,००,०००. त्याच्या पाव टक्का म्हणजे ७५० रुपये मुद्रांक. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, महापालिका हद्दीत १,०००. ऑनलाइन केलं तर वर ३०० रुपये. एवढ्याशा खर्चासाठी बिननोंदणी राहणं परवडत नाही, कारण परवाने आणि बँकेच्या दारात हाच कागद लागतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत, पण शेडचं जास्तीत जास्त तीन वर्षांचं भाडं धरता येतं. तिथेही हाच करार जोडायचा.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक गोष्ट. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर भाडेकरूनंच भरायचा आहे. आठ हजारांवर महिना १,४४० रुपये, रोखीनं. त्याची वजावट (इनपुट क्रेडिट) नंतर मिळते, पण खेळतं भांडवल अडकतं. कंपोझिशनवाल्यांना (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेतल्यांना) यातून वगळलं आहे. विकत घेणाऱ्या महिलांनी हेही लक्षात घ्यावं की मुद्रांकातली एक टक्क्याची सवलत निवासी घरापुरतीच आहे, गाळ्याला नाही.

हलवण्याचा क्रम असा ठेवा: करार, मग वीजजोडणी, मग नव्या पत्त्यावरचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना), त्यानंतर उद्यम (लघुउद्योग नोंदणी) आणि जीएसटीतला पत्ता, आणि मशीन सगळ्यात शेवटी. खाण्याच्या पदार्थांचा परवाना जागेला बांधलेला असतो. नवी जागा म्हणजे नवा अर्ज, आणि नवा क्रमांक. म्हणून जागा शोधायला लागलात की छापील पाऊचची मोठी ऑर्डर थांबवा. जुना पत्ता आणि जुना क्रमांक असलेली पाच हजार पाकिटं कुठलाही दुकानदार घेत नाही, आणि त्यावर स्टिकर चिकटवत बसायची मजुरी पाऊचच्या किमतीएवढी होते.