फुगलेली बॅटरी आणि बुधवार पेठेतील दुरुस्ती
माझ्या सहा वर्षे जुन्या लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर क्लिक होईनासे झाले आणि पाठोपाठ स्पेसबारही अडकू लागला, तेव्हा एका दुकानाने ट्रॅकपॅड व कीबोर्ड दोन्ही बदलण्याचा सल्ला दिला होता. पुण्यात बुधवार पेठेतील एका छोट्या दुकानातील कारागिरांनी मात्र लॅपटॉप सपाट काचेवर ठेवला, तो डुगडुगतो हे दाखवले आणि मगच खालचे झाकण उघडले. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की आतील इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे विद्युतभार वाहून नेणाऱ्या रसायनाचे, विघटन होऊन वायू साठतो, तिचे पाकीट फुगते आणि वरच्या ट्रॅकपॅडला खालून रेटते, हे त्यांनी शांतपणे समजावले. ट्रॅकपॅड असा वर आलेला दिसल्यास चार्जिंग तत्काळ थांबवावे, हेही बजावले. बॅटरी त्यांनी न दाबता, प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवली आणि ई-कचऱ्यासाठी वेगळी ठेवली. ही काळजी मला सर्वांत मोलाची वाटली, कारण अशी बॅटरी टोचली गेल्यास पेट घेऊ शकते. नवी बॅटरी बसताच ट्रॅकपॅड आणि स्पेसबार दोन्ही पूर्ववत झाले. हमी मात्र सहाच महिन्यांची मिळाली. ती वर्षाची असायला हवी होती.