फेलोशिपच्या नावाखाली ७६ हजार गेले, डेंटिस्ट मंडळींनो जरा वाचा

लिहू की नको करत तीन महिने काढले. पैसे गेले त्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. पण परवा देवगडच्या एका ज्युनिअरचा फोन आला, मॅडम असा असा कोर्स आहे, ब्रोशर पाठवते, जाऊ का. ब्रोशर उघडलं तर तोच फोटो, तोच निळा निऑनवाला मायक्रोस्कोप, फक्त संस्थेचं नाव नवीन. म्हणून लिहितेय. कोणाचं नाव घेत नाही कारण तक्रार चालू आहे आणि नाव तर ते दर सीझनला बदलतातच.

मी बीडीएस (दातांची पहिली डिग्री), कुडाळजवळ अकरा वर्षं क्लिनिक आहे. एमडीएस, म्हणजे त्यापुढची स्पेशालिस्टची डिग्री, करायची होती पण तेव्हा लग्न, मग मुलगा, मग क्लिनिकचं लोन, राहून गेलं ते गेलंच. कॉलेजात रूट कॅनाल शिकलो ते हाताच्या फाइल्सनी, म्हणजे मुळातली नळी (कॅनाल) घासून साफ करायच्या बारीक सुयांनी, स्टेनलेस स्टीलच्या के-फाइल, एच-फाइल, स्टेप बॅक करत करत बोटं दुखेपर्यंत. मधल्या काळात सगळं रोटरी झालं, मोटरवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स, मुळाचं टोक शोधणारा एपेक्स लोकेटर, डिजिटल एक्स-रेचं आरव्हीजी. मी यूट्यूब बघून आणि डीलरकडच्या पोराला विचारून थोडं थोडं सुरू केलं होतं पण वाकड्या कॅनालला हात लावायची भीती वाटायची, मग पेशंटला कोल्हापूर नाहीतर गोव्याला पाठवायचं. पेशंट जातात कुठे, ते गोळ्या खाऊन बसतात आणि सहा महिन्यांनी दात काढायलाच येतात.

हे सगळं कोर्स विकायला मला फोन करणाऱ्या मुलीला कसं माहीत होतं कोण जाणे. "मॅडम, तुमच्या पट्ट्यात एकही एंडो (रूट कॅनाल) स्पेशालिस्ट नाहीये, फेलोशिप केलीत तर तुम्ही पहिल्या." बस, इथेच मी गेले. डोळ्यासमोर बोर्ड दिसायला लागला, रूट कॅनाल तज्ज्ञ, मोठ्या अक्षरात.

कोर्स डिसेंबरात, मालवणजवळच्या एका रिसॉर्टवर, दोन दिवस. ब्रोशरमध्ये मायक्रोस्कोप, लाइव्ह पेशंट, परदेशी फॅकल्टी, फेलोशिप, डेंटल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट्स, आणि शेवटी सुरमई थाळी. (यातली थाळी तेवढी खरी निघाली.) आता कोणी मला सांगा, रिसॉर्टच्या हॉलमध्ये लाइव्ह पेशंट कसा करणार? डेंटल चेअर कुठंय, सक्शन कुठंय, एक्स-रे कशावर काढणार? अकरा वर्षं क्लिनिक चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न पडू नये? नाही पडला.

फी ४२ हजार, अर्ली बर्ड ३५ हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ४१,३००. शिवाय कोर्सवाल्यांनाच खास भावात एंडोमोटर (फाइल फिरवायची मोटर) २४ हजारांना आणि फाइल्सची दहा पाकिटं ११ हजारांना. टोटल ७६,३००. पैसे यूपीआयने मागितले, स्क्रीनवर संस्थेचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं, मी विचारलं तर म्हणाले कोर्स घेणाऱ्या सरांचं पर्सनल अकाउंट आहे, संस्थेचं ऑडिट चालू आहे. मी म्हटलं बरं. म्हणजे ऑडिट चालू असलं की बँकेचं खातं बंद होतं असं मी तेव्हा मानलं, काय करता.

कोर्सला येताना प्रत्येकाने काढलेले दहा दात आणायचे होते, मुळं शाबूत असलेले. हे मात्र सगळ्या चांगल्या कोर्समध्ये असतं, त्यामुळे माझा विश्वास अजून वाढला. मी महिनाभर दात जमवले, फॉर्मॅलिन घालून काचेच्या बरणीत ठेवले आणि बरणी घरी आणून ओट्याच्या कोपऱ्यात विसरले, सासूबाई लोणच्याची समजून झाकण उघडायला गेल्या. तो किस्सा वेगळाच आहे, असो.

हॉलमध्ये आम्ही बावीस जण, सावंतवाडी, कणकवली, राजापूर, दोघं तर चिपळूणहून रात्रीच्या गाडीने आलेले. बावीस जणांत मोटरी चार. मायक्रोस्कोप एक होता, त्याचा दिवा लागत नव्हता, "उद्या टेक्निशियन येतोय" म्हणाले, तो काही आला नाही. परदेशी फॅकल्टी म्हणजे वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, अर्धा वेळ आवाज अडकत होता. आणलेले दात बरण्यांतच राहिले, सगळं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या ब्लॉकवर. ब्लॉक वाईट नसतो, फाइल आत कशी वळते ते डोळ्याला दिसतं, पण प्लॅस्टिक म्हणजे डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) नव्हे, गरम झालं की मऊ पडतं आणि फाइल लोण्यातून गेल्यासारखी जाते. खऱ्या दाढेच्या मेझिअल, म्हणजे पुढच्या बाजूच्या, कॅनालमध्ये असं काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट. रोटरी फाइलच्या धातूला नायटाय म्हणतात. पहिल्याच तासाला सर म्हणाले, नायटाय म्हणजे नायट्रोजन आणि टायटॅनियम. दोनदा म्हणाले. बावीस डेंटिस्ट बसलेत आणि एकानेही तोंड उघडलं नाही. नाय म्हणजे निकेल, हे थर्ड इयरच्या पोराला माहीत असतं. १९८८ साली वालिया आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑर्थोडॉन्टिक्सच्या (दात सरळ करायच्या) निटिनॉल वायरपासून पहिल्यांदा अशा फाइल्स बनवून तपासल्या, साधारण ५६ टक्के निकेल आणि ४४ टक्के टायटॅनियम, आम्ही हे घोकून पास झालोय. मला वाटलं जीभ घसरली असेल. शेजारच्या कणकवलीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघांनीही वहीत मान घातली. नंतर चहाला कळलं, त्यांना वाटलं होतं आपलंच काहीतरी जुनं झालंय, नवीन आलं असेल. खरं सांगू का, हे लोक कोर्स विकतच नाहीत. आपण गावात बसून मागे पडलो ही जी आपल्या मनात टोचणी असते ना, ती विकतात. प्रश्न विचारला तर आपलं अज्ञान बाहेर येईल म्हणून कोणी विचारत नाही, आणि त्यांचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो.

रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, लावून दाखवा असं एका मुलीने विचारलं तर म्हणे इंडियन पेशंटला ते सहन होत नाही, वेळ घालवू नका. अहो, बार्नम नावाच्या डेंटिस्टनी न्यूयॉर्कला १८६४ साली रबर डॅम काढला, आणि हे मॉडर्न एंडो शिकवणारे तो बाजूला ठेवतायत. फाइल सुटून घशात गेली तर? कॅनाल धुवायचं हायपोक्लोराइट तोंडात सांडलं तर? वर टॉर्कबद्दलचा, म्हणजे मोटरच्या पिळण्याच्या जोराबद्दलचा, सल्ला, "टॉर्क फुल ठेवा, अडकली तर जरा दाबा." हे मी वहीत लिहून घेतलं. अंडरलाइन करून.

दुसऱ्या दिवशी सोनेरी होलोग्रामचं सर्टिफिकेट, फोटो, टाळ्या. घरी आल्यावर मी २,२०० रुपयांचा बोर्ड करायला दिला.

जानेवारीत आमच्याकडे एक काकू आल्या, काजू फॅक्टरीत कामाला जातात, खालची उजवी पहिली दाढ, ४६ नंबर, रात्रभर ठणका. एक्स-रेत मुळाखाली काही काळं नव्हतं, नस जिवंत होती, म्हणजे तशी सोपी केस. फक्त मेझिअल मूळ वाकडं. मी नवीन मोटर, नवीन निळी फाइल आणि सरांचा सल्ला, तिन्ही एकदम वापरलं. फाइल वळणावर अडकली, मी जरा दाबलं, टक् असं बारीक झालं आणि बाहेर आली ती आखूड होऊन आली. तीनेक मिलिमीटर आत.

ज्यांच्या हातून फाइल तुटलीय त्यांना ते पोटात खड्डा पडणं माहीत असेल. पाच मिनिटं मी नुसती हात धुत उभी होते. मग एक्स-रे काढला, काकूंना स्क्रीनवर दाखवला, केसपेपरवर लिहिलं आणि सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सुई आत रवली? मगे दात दुखतलो काय?"

कोल्हापूरला ओळखीच्या एक एमडीएस एंडोच्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे काकूंना घेऊन मी स्वतः गेले, फोंडा घाटातून, गाडीत काकू पूर्ण वेळ मला धीर देत होत्या. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली बघितलं. तुकडा वळणाच्या पलीकडे, मुळाच्या टोकाकडे, काढायला गेलं तर मूळ इतकं कोरावं लागेल की दातच कमजोर होईल. बाजूने बारीक फाइल जाते का ते बघितलं, गेली नाही. मग तुकड्यापर्यंत स्वच्छ करून तिथेच सील केलं. मुळाखाली इन्फेक्शन नव्हतं म्हणून दात टिकण्याची आशा चांगली आहे म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी एक्स-रे.

मग त्यांनी माझी उरलेली पाकिटं मागितली आणि टेबलावर ओतली. मी तर कधी नीट वाचलीच नव्हती. तीन वेगळ्या साइझच्या पाकिटांवर लॉट नंबर एकच. आयात केलेला माल म्हणे, पण आयातदाराचं नाव-पत्ता नाही, इम्पोर्ट लायसनचा नंबर नाही, कंपनीच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. त्यांनी एक फाइल ऑटोक्लेव्हमधून काढून ओल्या गॉजने पुसली, गॉज निळा झाला. हीट ट्रीट केलेल्या फाइलचा निळा रंग हा धातूवरच्या ऑक्साइडच्या थराचा असतो, तो पुसून निघत नाही. माझ्या फाइल्सना चक्क रंग दिला होता. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात, तुम्ही पण करून बघा, स्वस्तात मिळालेल्या पाकिटांवर तर नक्कीच.

अर्थात फाइल नकली होती म्हणून माझी चूक संपत नाही. अस्सल फाइलसुद्धा अशीच तुटली असती. टोक अडकलेलं आणि मागचा भाग फिरतोय, मग पीळ बसून तुटणारच, आणि टॉर्कची मर्यादा ठेवलेली असते ती मोटरने त्याआधी थांबून उलटं फिरावं म्हणूनच. दुसरं म्हणजे वळणात फिरता फिरता धातू थकतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि अचानक जातो. त्यामुळे आधी दहा नंबर, मग पंधरा नंबरची के-फाइल हाताने सैल जाईपर्यंत वाट करायची, मग रोटरी, तीही न दाबता, चिमणीने टोचल्यासारखी वरखाली. हे सगळं मॅडमनी मला नंतर सहा रविवार त्यांच्या क्लिनिकमध्ये बसवून शिकवलं, माझ्याच त्या बरणीतल्या दातांवर. पैसे विचारले तर म्हणाल्या येताना कोकमं आणा.

पैशांचं काय झालं तेही सांगते. आधी कौन्सिलला विचारलं, महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिल, तर या कार्यक्रमाला क्रेडिट पॉइंट्सची मान्यता दिलेलीच नव्हती. हे कोर्सच्या आधी एका फोनवर कळलं असतं. फेलोशिपचा बोर्डवर उपयोगही शून्य, कारण कौन्सिल मानतं ती डिग्री सोडून स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही, उलट माझ्यावरच तक्रार झाली असती. पावतीवरचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होत होता, पत्ता पुण्याचा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २९ कर्नाटक. जीएसटीच्या साइटवर टाकला तर तो टाइल्सच्या दुकानाचा निघाला. म्हणजे अठरा टक्के टॅक्सही सरांनीच खाल्ला. आणि सर? कोल्हापूरच्या डीलरचं म्हणणं, हे गृहस्थ आधी मटेरियल विकायला फिरायचे, डेंटिस्ट आहेत की नाही तेच त्याला माहीत नाही. मी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये ते नाव शोधलं, मिळालं नाही.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली. पण मला जाग आली फेब्रुवारीत, पैसे गेले नोव्हेंबरात, तोवर खात्यात काय उरणार. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. पोलीस म्हणाले कोर्स झालाय ना, जेवण दिलंय ना, मग हे सिव्हिल आहे. शेवटी ओरोसला जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत, आणि पाच लाखांपर्यंत फी पण नाही. वकिलांनी एक धोका सांगितला, समोरचा म्हणेल तुम्ही धंद्यासाठी कोर्स घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं त्यात धरत नाहीत असं कायद्यातच आहे. बघू. बावीस जणांना विचारलं, तक्रारीत या म्हणून. तयार झाले तिघं. बाकीच्यांचं म्हणणं, मॅडम, गावात कळलं तर पेशंट काय म्हणतील. कणकवलीच्या डॉक्टरांनी तर अजून सर्टिफिकेट भिंतीवरून काढलेलं नाही, फ्रेम महाग होती म्हणे.

देवगडच्या ज्युनिअरला मी एकच सांगितलं, पैसे भरायच्या आधी त्यांना फोन कर आणि विचार, नायटाय म्हणजे काय, आणि माझ्या दातांवर रबर डॅम लावून तुम्ही स्वतः करून दाखवणार का. तिने विचारलं. त्यांनी तिचा नंबर ब्लॉक केला.

काकू जुलैत आल्या होत्या, भर पावसात, सहा महिन्यांच्या पहिल्या एक्स-रेसाठी. मुळाखाली सगळं स्वच्छ आहे, त्याच बाजूने चावतात. खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टरांनू, तो तुमचो तुकडो आसा मां अजून जाग्यार?"