प्लेटलेट अ‍ॅजिटेटर घेताना नुसतं टेंपरेचर बघू नका : आठ महिने वापरल्यानंतर

मी नाशिकला एका ब्लड बँकेत कंपोनंट रूमला, म्हणजे रक्तातले घटक वेगळे करतात तिथे, टेक्निशियन आहे. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे नवीन प्लेटलेट अ‍ॅजिटेटर आला, म्हणजे प्लेटलेटच्या (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींच्या) बॅगा सतत हलवत ठेवणारं मशीन, इन्क्युबेटरसकट (आतलं टेंपरेचर सांभाळणारं कपाट), ४८ बॅगांचा, काचेच्या दरवाजाचा. पावसाळा, डेंग्यूचा सीझन आणि नंतरची थंडी असं सगळं त्याच्यावर काढून झालंय म्हणून आता लिहायला बसले. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीचं मशीन घेताना बघायला लागेल.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. लाल पेशींची बॅग फ्रिजमध्ये २ ते ६ डिग्रीला ३५-४२ दिवस राहते. प्लेटलेटला मात्र २० ते २४ डिग्री लागतं, ती सतत हळूहळू हलत राहावी लागते आणि एवढं करून आयुष्य फक्त ५ दिवस. पिशवीतपण ती जिवंतच असते ना, तिला ऑक्सिजन लागतो, तो त्या पिशवीच्या प्लास्टिकमधूनच आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. हलवणं थांबलं की पेशी तळाला बसतात, लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, पीएच उतरतो (म्हणजे आतलं आम्लपण वाढतं), आणि तो ६ च्या खाली गेला की ती बॅग पेशंटला लावून उपयोग नाही. बरं २२ डिग्री म्हणजे जंतूंनाही मानवणारं, म्हणून ५ दिवसांच्या पुढे ठेवायची सोय नाही.

आता मशीन. टेंपरेचरला एक नंबर, त्यात खोट काढणार नाही. डिस्प्लेवर २२ असेल तर आत ठेवलेल्या आमच्या वेगळ्या थर्मामीटरलापण २२ च्या आसपासच दिसतं. ट्रे मिनिटाला ६० ते ७० वेळा पुढे-मागे होतो, झटका बसत नाही, बॅग सरकत नाही. ट्रेला भोकं आहेत त्यामुळे खालूनपण हवा लागते. फक्त बॅगा एकावर एक ठेवायच्या नाहीत, गर्दीच्या दिवशी हात शिवशिवतो पण नाही म्हणजे नाही, मधली बॅग गुदमरते.

खरी तक्रार सप्टेंबरची. माझी रात्रपाळी होती, आत ३१ बॅगा होत्या. पावणेदोनच्या सुमारास आमचे अटेंडंट मामा म्हणाले, "ताई, मशीन नुसतं घुमतंय, खटखट येत नाहीये." जाऊन बघते तर डिस्प्लेवर २२.१, हिरवा दिवा चालू, मोटर चालू आणि ट्रे जागच्या जागी थांबलेला! बेल्ट घसरला होता. अलार्म वाजलाच नाही कारण तो टेंपरेचरला आणि मोटरच्या करंटला जोडलेला, ट्रे खरंच हलतोय का हे बघणारं काहीच नव्हतं. दहाच्या राउंडला चालू असल्याची माझीच नोंद होती, म्हणजे जास्तीत जास्त पावणेचार तास गेले असतील. माझे हातपाय गार पडले. आमच्या वरिष्ठ मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या घाबरू नकोस, ट्रान्सपोर्टमध्ये २४ तासांपर्यंत न हलवता चालतं, आधी बॅगा जुन्या अ‍ॅजिटेटरवर घे. जुन्यावर मावल्या तेवढ्या घेतल्या आणि उरलेल्या आम्ही दोघांनी टेबलावर आडव्या ठेवून पहाटेपर्यंत आळीपाळीने हाताने हलवल्या.

सकाळी मॅडमनी एकेक बॅग ट्यूबलाइटसमोर धरून स्वर्लिंग बघितलं. बॅग हलकेच दाबली की आत रेघा फिरताना दिसतात, गरम पाण्यात साखर विरघळताना दिसतात ना अगदी तशा. पेशी चपट्या आणि चांगल्या असतील तरच ते दिसतं, गोल झाल्या की नुसतं पिवळं गढूळ पाणी. दोन बॅगांत काहीच दिसेना, दोन्ही पाचव्या दिवसाच्या होत्या, त्या डिस्कार्ड केल्या. मशीनमुळे की वयामुळे ते सांगता येणार नाही, पण कुणीतरी कामावर खाडा करून दिलेलं रक्त होतं ते, मला फार लागलं. सर्व्हिस इंजिनियर तिसऱ्या दिवशी आला आणि "नवीन बेल्ट सुरुवातीला सैल होतोच" म्हणाला. होतोच तर मग बसवताना सांगायला नको? शेवटी ट्रेला मोशन सेन्सर बसवून घेतला, त्याचे पैसे वेगळे. तुम्ही मशीन घेताना डेमोला चालू ट्रे हाताने धरून थांबवून बघा, अलार्म वाजला नाही तर सही करू नका.

डेंग्यूच्या गर्दीत दरवाजा इतक्या वेळा उघडायचा की डिस्प्ले २४ ला टेकायचा. आता ब्लड ग्रुपप्रमाणे ट्रे वाटून टाकलेत, बाहेरूनच बॅग हेरायची आणि मगच उघडायचं, फरक पडला.

त्याच दिवसांत निफाडकडचे एक काका पेशंटसाठी प्लेटलेट न्यायला आले, सोबत थर्माकोलचा डबा, बर्फाने गच्च भरलेला. बिचारे शालिमारवरून बर्फ शोधून घेऊन आले होते. म्हणाले, "ताई, पांढऱ्या पेशी आहेत, उन्हानं खराब व्हायला नकोत." त्यांना बसवून सांगितलं की काका या पांढऱ्या पेशी नव्हेत, प्लेटलेट आहेत, थंडीने या गोल होतात आणि अंगात गेल्यावर शरीर त्यांना लगेच काढून टाकतं. बर्फ मोरीत ओतला, डबा कोरडा पुसून त्यातच बॅगा दिल्या, वाटेत कुठे थांबू नका आणि पोचल्या पोचल्या लावायला सांगा म्हटलं. तेव्हापासून इश्यू काउंटरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय : प्लेटलेटला बर्फ नको.

थंडीत मशीनने खरं काम दाखवलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आमची खोली १७ डिग्रीपर्यंत उतरते, जुन्या मशीनला नुसतं कूलिंग होतं म्हणून रात्री खोलीत हीटर लावून बसायचो. याला आत हीटर आहे, एकदाही २० च्या खाली गेलं नाही. यूपीएस मात्र मोठा घ्या, लाइट गेली की जनरेटर उचलेपर्यंत आमचा छोटा यूपीएस कंप्रेसरसकट लोड घेत नव्हता, तो बदलावा लागला.

घ्यावं का? घ्या, पण मोशन अलार्म आणि बेल्टची दर तीन महिन्यांची तपासणी ऑर्डरमध्येच लिहून घ्या, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) वेळी बघू म्हणाले तर ऐकू नका. आमचा दुसरा बेल्ट फेब्रुवारीत बसवला, सध्या ठीक चालतोय, तरी रात्रपाळीला दर तासाला दरवाजा न उघडता काचेतून ट्रे बघून रजिस्टरला टिक करायची पद्धत आम्ही चालूच ठेवलीये.