दोषाचं नाव घ्यायचं, की दोष दाखवायचा?

"आमचे आजोबा रोज विडी ओढायचे, तरी नव्वदी गाठली. विडीनं काही होत नाही!" जेवणानंतरच्या गप्पांत काकांचं हे वाक्य आलं आणि त्यातली खोट तुम्हाला दिसली. आता दोन वाटा आहेत. "हा तर्कदोष आहे" असं सांगून दोषाचं नाव घ्यायचं, किंवा नाव न घेता त्याच साच्यातलं दुसरं वाक्य पुढे ठेवायचं: "शेजारच्या अण्णांनी तीस वर्षं हेल्मेट घातलं नाही, साधं खरचटलंही नाही. मग पोरांची हेल्मेटं माळ्यावर टाकायची का?"

नाव घेण्यात वेळ वाचतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, पाच हेत्वाभास (खऱ्यासारखी दिसणारी फसवी कारणं) सांगितलेत, त्यातला 'सव्यभिचार' आजोबांना चपखल बसतो. विडी ओढून नव्वदी गाठणारे सापडतात, तसे पन्नाशीत गेलेलेही. दोन्हीकडे आढळणाऱ्या कारणावरून काहीच सिद्ध होत नाही. जाणकाराला एका शब्दात एवढं सगळं कळतं. घरच्या माणसाला मात्र त्या शब्दात "तुम्हाला अक्कल नाही" एवढंच ऐकू येतं. मग भांडण त्या शब्दावर सुरू होतं आणि विडी राहते बाजूला.

शिवाय नाव चुकण्याची भीती आहेच. वादात हार कशानं होते याची 22 निग्रहस्थानं न्यायसूत्रांत आहेत, आणि दोष नसताना दोष लावणं हे त्यातलंच एक. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा म्हणतो, "माझ्यावर विश्वास ठेवा, हेच घ्या." तुम्ही विचारता, "यात तुम्हाला कमिशन किती?" यावर कुणी "व्यक्तीवर घसरलात" म्हणाला, तर चूक त्याची. विक्रेता स्वतःचा शब्दच पुरावा म्हणून देतोय, तेव्हा बोलणारा विश्वासार्ह आहे का हे पाहावंच लागतं. त्यानं प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला, की मात्र अहवाल वाचायला हवा. तिथे कमिशन काढून भागत नाही.

दुसरी वाट ऐकणाऱ्यांना पटकन पटते, पण हजरजबाबीपणा मागते. उदाहरण जरा सैल पडलं, की "हेल्मेटचं वेगळं, विडीचं वेगळं" म्हणून समोरचा निसटतो. आणि सूर थोडा जरी चढला तरी ती टिंगल वाटते.

गप्प बसावं म्हटलं, तर तेही फुकट नाही. दाखवण्याजोगा दोष सोडून देणं हेही निग्रहस्थानच! अपवाद माझ्यापुरता एकच. ज्याला स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त दुसऱ्याची पाडायची आहे, त्या वितंडवाल्यापुढे मी चहा घेते.

एक गोष्ट दोन्ही वाटांवर लागू आहे. कारण लंगडं निघालं म्हणून मत खोटं ठरत नाही. "विडी वाईटच, ओढणारे सगळे आळशी असतात" यातलं कारण टाकाऊ आहे, पण विडी वाईट हे खरंच आहे.

वक्तृत्व स्पर्धा किंवा लेखी खंडन असेल तर नाव घ्या, पण सोबत एका वाक्यात दोष उलगडून सांगा. घरी उदाहरण बरं. काकांपुढे मी तेही सोडलंय. हल्ली नुसतं विचारते, "आजोबांबरोबर पारावर विडी ओढायला बसायचे, ते बाकीचे किती वर्षं जगले हो?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा काका बोटांवर नावं मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटावर थांबले.