मिलिमीटर-वेव्ह स्कॅनर: पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह?

कपड्यांखाली लपवलेल्या वस्तू शोधणारे हे स्कॅनर दोन प्रकारचे. पॅसिव्ह यंत्र स्वतः काहीच लहरी सोडत नाही. अंगातून आपसूक निघणाऱ्या लहरी, बहुधा ९४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, टिपतं. पातळ कपड्यांतून त्या सहज आरपार येतात. कमरेला खोचलेला सुरा मात्र आरशासारखा भोवताल परावर्तित करतो. उघड्यावर त्यात थंड आकाश उमटतं, म्हणून उबदार अंगापुढे सुरा चित्रात काळाकुट्ट दिसतो. खोलीत त्यात भिंती उमटतात, नि भिंती नि अंग यांच्या तापमानात जेमतेम १० अंशांचा फरक. उकाड्यात तोही जातो, चित्र धूसर होतं. म्हणून जागा एसीची हवी.

अ‍ॅक्टिव्ह यंत्र २४ ते ३० गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडून परतलेल्या मोजतं. चित्र रेखीव, पण हात वर करून एक-दोन सेकंद स्तब्ध उभं राहावं लागतं. घामाने ओला सदरा, कपड्याची घडी यांवरही ते उगाच बोंब मारतं. विमानतळाच्या रांगेला तरी अ‍ॅक्टिव्हच बरं. चालत्या गर्दीला न थांबवता तपासायचं तर पॅसिव्ह.