कुत्र्याची डीएनए ओळख चाचणी : मखमलाबादच्या मळ्यातून एक अनुभव

फेब्रुवारीत एका रात्री मखमलाबाद शिवारात, आमच्या मळ्याला लागून असलेल्या नानांच्या गोठ्यात एक शेळी मेली आणि दुसरी जखमी झाली. आधी सगळ्यांनी बिबट्याचेच नाव घेतले. परंतु पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकांना मेलेल्या शेळीच्या गळ्यावर सुळ्यांच्या खुणा आढळल्या नाहीत, फाडलेला होता तो मागच्या मांड्यांकडचा भाग, आणि दुपारपर्यंत संशय आमच्या वाघ्यावर येऊन ठेपला. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. ‘आमचा कुत्रा रात्री बांधलेला असतो’ या मालकाच्या वाक्याला किती वजन असते, हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणून एका खासगी प्रयोगशाळेकडून ओळख चाचणी करून घेतली.

सुदैवाने नमुना तिच्या किटची वाट पाहत राहिला नाही. पशुवैद्यकांनी त्याच सकाळी नानांच्या समक्ष निर्जंतुक पाण्यात भिजवलेला स्वॅब मेलेल्या शेळीच्या जखमेच्या कडेने फिरवला, सावलीत वाळवला आणि कागदी पाकिटात घालून वर तारीख, वेळ व दोघांच्या सह्या घेतल्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओला स्वॅब कोंडला असता तर त्यावर बुरशी धरून डीएनए खराब झाला असता. जखमी शेळीची जखम मात्र नानींनी तोवर धुऊन हळद भरली होती. शेळी वाचली, नमुना गेला.

किट चांगले आहे. वाघ्याच्या गालाच्या आतून लाळ घेण्याच्या सूचना सोप्या मराठीत होत्या. जखमेत बहुतांश डीएनए शेळीचाच असणार, मग कुत्र्याचा वेगळा कसा निघेल, या माझ्या शंकेचे फोनवर नीट निरसन झाले : चाचणीतील रसायने कुत्र्याच्या डीएनएवरील ठरावीक ठिकाणेच उचलतात आणि तेथे एक छोटा क्रम किती वेळा पुनरावृत्त झाला आहे ते मोजले जाते. हे आकडे कुत्र्यागणिक बदलतात.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जखमेवरची लाळ एका मादीची होती आणि तिचे आकडे वाघ्याशी जुळत नव्हते. वगळण्यासाठी एवढे पुरते.

माझी तक्रार आहे ती माहितीपत्रकातील ‘शंभर टक्के खात्री’ या शब्दांवर. आकडे जुळले असते, तर ते योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि आमच्या वस्तीतली निम्मी गावठी कुत्री एकाच कुत्रीच्या वंशातली असताना त्याचे उत्तर परदेशी जातिवंत कुत्र्यांच्या आकडेवारीतून काढणे मला पटत नाही. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर 1994 साली झालेल्या एका खुनाच्या तपासात जाकिटाला चिकटलेले केस आरोपीच्या घरच्या मांजराचे ठरले, तेव्हा बेटावरच्याच इतर मांजरांचे नमुने तपासून तेथे किती वैविध्य आहे ते आधी पाहण्यात आले होते. याउलट सिअ‍ॅटलमधील एका खटल्यात आरोपींच्या कपड्यांवरील कुत्र्याच्या रक्ताचा पुरावा ग्राह्य धरला गेला, आणि 2003 साली अपील न्यायालयाने, दोषसिद्धी कायम ठेवूनही, या तंत्राची शास्त्रीय मान्यता आधी न तपासता तो घेणे चूक होते असे म्हटले. आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचे मत संबद्ध ठरते, पण उलटतपासणीत मी पहिला प्रश्न हाच विचारला असता. तुलना किती ठिकाणांची केली याचा तक्तासुद्धा मला मागून घ्यावा लागला, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद रिपोर्टात नव्हतीच.

शिवाय कुंपणाच्या तारेला अडकलेल्या केसांसाठी वेगळे पैसे घेतले. त्यांना मूळ नव्हते. अशा केसांतून बहुधा आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनएच मिळतो आणि तो असंख्य कुत्र्यांत सारखा असतो. हे पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते.

शेजारच्या वादापुरती ही सेवा घ्यावी. कोर्टात जायचे असेल तर तक्ता आणि ताब्याची नोंद देण्याचे आधी लेखी कबूल करून घ्यावे. नानांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘मग ती कुत्री कोणाची, वकीलसाहेब?’’ वस्तीतल्या माद्या आठ-नऊ तरी असतील, आणि प्रयोगशाळा प्रत्येक नमुन्याचे वेगळे पैसे घेते.